शिडी धरणारा

भालचंद्र राऊतांच्या वाडीत एक नियम होता. त्यांची शिडी कुणी धरायची नाही.

गास गावातल्या बाकीच्या वाड्यांत पहाटे सोनचाफा तोडताना एक जण वर चढतो आणि एक जण खाली पाय रोवून शिडी धरून उभा राहतो. बायको असेल, पोरगी असेल, रोजावरचा गडी असेल, पण कुणीतरी असतंच. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत झालेली असते, बांबूची शिडी कधी सरकेल याचा नेम नसतो. भालचंद्रांनी मात्र प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी खुंटी ठोकून ठेवली होती. शिडीचे पाय सुंभाने त्या खुंटीला करकचून बांधायचे आणि एकट्याने चढायचं, ही त्यांची रीत. वसुंधराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुरुवातीला एकदा शिडीला हात लावून पाहिला. "हात काढ," एवढंच ते वरून म्हणाले. त्या आवाजाने बाईंची पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही.

याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसेल त्याला धाकटा भाऊ शांताराम सांगायला तयारच असे. अकरा वर्षांपूर्वी नागपंचमीच्या पहाटे त्यांचे वडील, आबा, याच वाडीत शिडीवरून पडून गेले. त्या दिवशी शिडी धरायची पाळी भालचंद्रांची होती. रस्त्यावर फुलांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, म्हणून त्याला 'दोन मिनिटं थांब रे' सांगायला ते गेले. परत आले तेव्हा आबा मातीत पडलेले होते आणि शेजारच्या झाडावरून उतरलेला शांताराम त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान वर करून विचारलं, "तू शिडी का धरली नाहीस?" तेराव्याला, भरल्या पंगतीत, पुन्हा तेच विचारलं. भालचंद्रांनी पानावरून उठून हात धुतले. त्यानंतर वाडी वाटली गेली, मधून तारेचं कुंपण पडलं आणि दोन भावांमधलं बोलणं संपलं.

बोलणं संपलं म्हणजे तोंड बंद झालं असं मात्र नाही. भालचंद्र झाडांना उद्देशून मोठमोठ्याने बोलत, आणि ते कुंपणापलीकडे नीट ऐकू जाईल याची काळजी घेत. शांतारामने केळी लावली की हे केळीच्या रोगावर व्याख्यान देत. शांतारामच्या विहिरीचा पंप बिघडला की हे स्वतःचा पंप उगाच तासभर जास्त चालवत. यंदा आषाढापासून तर त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं होतं. शांताराम फुलं उशिरा तोडायला लागला होता. चाफा उजाडायच्या आत, मिटलेला असतानाच तोडावा लागतो. ऊन चढलं की पाकळ्या सुटतात आणि बाजारात त्या फुलाकडे कुणी बघत नाही. चाळीस वर्षं चाफा केलेल्या माणसाला हे माहीत नसणार कसं? पण शांताराम पहाटे नुसता कुंपणाजवळ येऊन विडी ओढत उभा राही, आणि भालचंद्रांची चार झाडांवरची फुलं तोडून झाल्यावर मग सावकाश आपल्या झाडाकडे वळे. भालचंद्र जांभळीच्या झाडाला सांगत, "काही लोकांची म्हातारपणी अक्कलसुद्धा उशिरा उठते बाबा." शांताराम विडी विझवून निघून जाई.

श्रावणाच्या सुरुवातीलाच भालचंद्र शिडीवरून पडले. दुसऱ्याच पायरीवर होते म्हणून डोक्याला मागे खोक पडण्यावर निभावलं. घरी येऊन पाय घसरल्याचं सांगितलं. वसुंधराबाईंनी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर मागची बाजू चिखलाने माखलेली, आणि हाताच्या तळव्यांना मातीचा कणही नाही. घसरलेला माणूस हात टेकतो. हा माणूस आडवा झाला तेव्हा हात टेकण्याइतकाही शुद्धीवर नव्हता. बाईंनी हे मुलीला, पूर्वीला सांगितलं. पूर्वी विरारला बँकेत होती आणि बापाच्या वळणावर गेलेली होती. तिने रजा टाकली, रिक्षा दारात आणली, आणि बाप चप्पल शोधायचं नाटक करत होता तेव्हा त्याची चप्पल रिक्षात नेऊन ठेवली.

डॉक्टर मर्सी इथल्याच, वसईच्या. बोलायला मऊ, पण विचारायला चिवट. त्यांनी छातीची, म्हणजे ईसीजीची, पट्टी काढली, सोनोग्राफी केली, मेंदूचा फोटो काढवला. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक यंत्र बांधलं. दोन दिवस ते काढायचं नाही, आंघोळ करायची नाही, आणि काय काय केलं ते कागदावर लिहून ठेवायचं.

इथे राऊतांच्या घराने जे केलं ते आमच्याकडची कुठलीही सरळ माणसं करतील. यंत्राला पाणी लागू नये म्हणून भालचंद्रांना वाडीत जाऊ दिलं नाही. पलंगावर धुतलेली चादर घातली. इस्त्रीचा सदरा काढून दिला. वेळच्या वेळी जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी झोपाळा. फुलं तोडायला दोन दिवस गडी बोलावला. लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांपुढे बसतात तसे भालचंद्र त्या यंत्रापुढे दोन दिवस शहाण्यासारखे बसून राहिले. कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: चहा घेतला, बसलो, जेवलो, झोपलो. काळीज बिचारं काय करणार? तेही दोन दिवस अगदी शिस्तीत चाललं.

रिपोर्ट चांगला आला. भालचंद्रांनी तो टेबलाच्या काचेखाली घातला आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. वसुंधराबाईंनी 'पण' म्हटलं की ते काचेवर बोट ठेवत. यंत्र खोटं बोलत नाही, बायका बोलतात, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा शिडीवर होते.

पुढे पंधरा दिवसांनी वसुंधराबाई पिठाच्या गिरणीत उभ्या असताना शांताराम त्यांच्याजवळ आला. अकरा वर्षांत भावजयीशीही तो बोलला नव्हता. तो बाईंकडे न बघता पिठाच्या डब्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, चारदा झालंय. आषाढात दोनदा, एकदा पडला तेव्हा, आणि आज सकाळी. आज शिडीला मिठी मारून राहिला म्हणून वाचला. डोळे उघडे होते पण माणूस नव्हता." एवढं सांगून पीठ न घेताच तो गेला.

बाईंना संताप आला, आणि तो कुणाचा हे त्यांना पटकन कळेना. नवरा लपवतो याचा होताच. पण आपल्या नवऱ्याला काय होतंय ते शत्रूला आपल्याआधी कळतं, याचा जास्त होता. त्यांनी घरी येऊन काही बोलायचं टाळलं, पूर्वीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टर मर्सींपुढे बसले.

डॉक्टरांनी आधी तो दोन दिवसांचा कागद पुन्हा वाचला आणि हसू आवरत विचारलं, शिडी कुठे आहे यात? शिडीवर चढले नाहीत का? मग त्यांनी समजावून सांगितलं. हे जे होतं ते कधीतरीच होतं, काही सेकंदच होतं, आणि ते होत असताना काळीज काय करतं हे कुणी पाहिलेलं नाही. ते ठरलं नाही तोवर औषध कशाचं द्यायचं? एक मार्ग म्हणजे वाट बघत राहणं. दुसरा म्हणजे छातीत डावीकडे, कातडीखाली एक छोटं यंत्र सरकवून ठेवणं. काडेपेटीतल्या काडीएवढं लांब, जरा जाड. जागा बधिर करून पाव तासाचं काम. त्याला पाणी चालतं, शिडी चालते, चिखल चालतो. तीन वर्षं ते आत राहतं आणि काळीज अडखळलं की टिपून ठेवतं.

"म्हणजे बरं करतं?" भालचंद्रांनी विचारलं.

"नाही. बरं काहीच करत नाही. ते फक्त बघत राहतं. आणि तीन वर्षांत काहीच दिसलं नाही, असंही होऊ शकतं. म्हणून जबरदस्ती नाही, ठरवायचं तुम्ही."

भालचंद्र उसळले. चांगल्या छातीला चिरायचं, ते नुसतं बघायला? आणि मुळात कोण म्हणतंय की आपल्याला काही झालंय? एकदा पाय घसरला, त्याचं एवढं भारूड.

"चारदा," वसुंधराबाई म्हणाल्या. "शांताराम भाऊजींनी मोजलंय."

भालचंद्रांच्या मानेची शीर फुगलेली पूर्वीला दिसली. भालचंद्रांना उमगलं, पहाटे कुंपणाजवळची शांतारामची ती विडी यासाठी होती. तो उभा राहून आपले हिशेब ठेवत होता. आपण कधी पडतो याची वाट बघत होता. भालचंद्र उठून दाराकडे निघाले, तेव्हा डॉक्टरांनी फॉर्म भरता भरता एक साधा प्रश्न विचारला. घरात कुणी अचानक गेलंय का?

"वडील. पण ते शिडीवरून पडून गेले."

"पोस्टमॉर्टेम झालं होतं?"

"कशाला करायचं? शिडीखालीच तर पडलेले होते."

डॉक्टर मर्सींनी पेन खाली ठेवलं. "राऊतकाका, काळजाचा असा दोष बापाकडून मुलात येऊ शकतो. ते पडले म्हणून गेले, की गेले म्हणून पडले?"

भालचंद्रांचा दाराच्या कडीवरचा हात तसाच राहिला.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात कुणी सुखाने घास खाल्ला नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, मुलीच्या पॉलिसीत ते बसत होतं. प्रश्न भालचंद्रांचा होता. बायको विचारायला गेली की तिला 'शांत्याची हेर' म्हणत. मुलीने विचारलं की म्हणत, तुला बाप नको, बापाची बॅटरी हवी आहे. गावात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. कुणी म्हणालं, एकदा लोखंड आत गेलं की शरीर आपलं राहत नाही. कुणी घेरीवर काढा सांगितला. गल्लीतला फर्डिनंड पाव द्यायला आला तेव्हा म्हणाला, माझ्या मेव्हण्याला बसवलं होतं, तीन वर्षांत काही म्हणजे काही निघालं नाही, मग काढून टाकलं. "पन तीन वरसं त्याची बायको सुखाने झोपली, हे लक्षात घे."

काही निघालं नाही, हे तीन शब्द मात्र भालचंद्रांच्या डोक्यात घर करून बसले. ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांना छाती चिरण्याची भीती वाटत नव्हती, मरणाचीही फारशी नाही. आबा आधी गेले आणि मग पडले असतील, तर शिडी कुणी धरली असती तरी काय झालं असतं? मग अकरा वर्षं माथ्यावर बसलेलं ते वाक्य खोटं ठरत होतं. आणि बापाचं काळीज मुलात येतं, असं डॉक्टरच म्हणाल्या होत्या. म्हणजे आपल्या छातीतून आबांचं उत्तर निघू शकत होतं. पण यंत्र घालून तीन वर्षांत काही निघालंच नाही तर? मग आबा नुसते शिडीवरून पडले, आणि शिडी धरायची पाळी आपली होती. आज निदान ठरलेलं तरी नव्हतं. ठरवायला ते यंत्र आत घ्यायचं, की असंच ठेवायचं? पंधरा दिवस ते वाडीत एकटेच फिरत आणि जांभळीलाही काही बोलत नसत.

ठरलं ते एका सकाळी, आणि रागाने ठरलं. शिडीवरून उतरले तर कुंपणाजवळ शांताराम उभा, हातात विडी, नजर थेट त्यांच्यावर. भालचंद्र घरात आले, फुलांची करंडी आपटली आणि म्हणाले, "पूर्वीला सांग, तारीख घे म्हणावं. त्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा ते यंत्र परवडलं."

घरच्यांना वाटलं, सुटलो. भावाच्या द्वेषाने का होईना, माणूस तयार झाला. ते काही खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

गणपती झाल्यावर यंत्र बसलं. दुपारी जेवायला घरी. छातीवर दोन टाके, आणि उशाशी एक डबी, जी रात्री आतल्या यंत्राकडून दिवसभराची खबर घेऊन दवाखान्यात पाठवते. भालचंद्र तिला 'चुगलखोर' म्हणत. टाके भरले तसे ते पुन्हा चढू लागले, सुंभ खुंटीला बांधून. शांताराम पलीकडे उभा असेच.

सर्वपित्रीच्या आदल्या पहाटे तिसऱ्या झाडावर त्यांच्या डोळ्यांपुढे काळोख आला. हात पायऱ्यांमध्ये अडकवलेला होता म्हणून ते लटकून राहिले. शुद्ध आली तेव्हा फुलं तोडायची आकडीची काठी खाली पडलेली होती आणि कुंपणाची तार दोन्ही मुठींत धरून शांताराम उभा होता. भालचंद्र हळूहळू उतरले, घरी आले, आणि या वेळी त्यांनी स्वतःहून बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टर मर्सींचा फोन आला. काळीज सात सेकंद थांबलं होतं. आता शंका उरली नाही, पेसमेकर बसवायचा, सोमवारी दाखल व्हायचं, आणि तोवर शिडीकडे बघायचंही नाही. पूर्वीने येताना दवाखान्यातून कागद आणला. त्यावर ओळीने उंचवटे होते, मग एक लांब सपाट रेघ, मग पुन्हा उंचवटे.

भालचंद्रांनी तो कागद घेतला, सदऱ्याची बटणं लावली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भावाच्या फाटकातून आत गेले. पितरांना पान ठेवण्याचा दिवस होता. शांताराम पडवीत हात पुसत उभा होता. भालचंद्रांनी कागद त्याच्या नाकासमोर धरला. आवाज चढलेला होता.

"बघ. सात सेकंद. हे आबांचं काळीज आहे, माझ्यात आलेलं. आबा आधी गेले आणि मग पडले. शिडी धरली असती तरी गेलेच असते. अकरा वर्षं तू मला खुनी ठरवलंस."

शांतारामने कागदाला हातही लावला नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी शेजारच्या झाडावर होतो. त्यांचे हात आधी सुटले. तुझे सुटतात तसेच."

भालचंद्रांनी कागद खाली केला. "माहीत होतं? आणि तरी तू..."

"मी कधी म्हटलं तुझ्यामुळे गेले? मी विचारलं, शिडी का धरली नाहीस. धरली असतीस तर ते तुझ्या अंगावर पडले असते. शेवटी कुणाचा हात तरी लागला असता त्यांना. मी उतरेपर्यंत ते एकटे मातीत पडून होते, दादा."

"हे अकरा वर्षांत सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी? पानावरून उठून गेलास." शांतारामने टॉवेल खांद्यावर टाकला. "आणि कुंपणाच्या अलीकडून शिडी धरता येत नाय. बघता येतं, तेवढं केलं. माझी फुलं गेली तर गेली. आता जा, मला पान ठेवायचं आहे."

भालचंद्र त्याला खूप काही बोलले. 'आबांचा लाडका' इथपासून सुरुवात केली आणि विहिरीच्या पंपापर्यंत आले. शांताराम ऐकायला थांबला नव्हता, तो आत गेला होता. मग ते कागदाची घडी घालून घरी आले, आणि त्या दिवशी तो कागद काचेखाली गेला नाही.

फुलं कुणासाठी थांबत नाहीत. गडी येणार नव्हता, म्हणून दुसऱ्या पहाटे वसुंधराबाईंनीच पदर खोचला आणि आकडी घेतली. खालच्या फांद्यांवरची फुलं त्यांनी लग्नानंतर तोडली होती, वर कधी चढल्या नव्हत्या. भालचंद्रांनी शिडी लावून दिली. बाईंनी सवयीने सुंभ उचलून पुढे केलं.

"राहू दे ते," भालचंद्र म्हणाले.

त्यांनी एक पाय शिडीच्या खालच्या पायरीला लावला, दोन्ही हातांनी बांबू धरले आणि वर बघत उभे राहिले. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ते हलले नाहीत. बाई वरून म्हणाल्या, जा, त्याला थांबायला सांगा, मी धरून आहे. ते तरीही हलले नाहीत.

कुंपणापलीकडे शांताराम आला होता. त्याने विडी काढली, भावाच्या हातांकडे पाहिलं, आणि विडी न पेटवताच परत खिशात टाकली. मग शिडी खांद्यावर घेऊन तो आपल्या झाडाकडे गेला. त्या दिवशी त्याचा चाफा मिटलेला असतानाच निघाला.